एकतिसावी रांग

१

काचघरात ढोबळी मिरचीचं झाड दोरीला धरून दहा फूट वर जातं. एका रांगेत अशी दोनशे झाडं, आणि अशा तीस रांगा. सहा हजार झाडं आणि त्यांच्यात वावरणारं माणूस एकच, मी.

पूर्वी आम्ही अकरा जणी होतो. मग प्रत्येक झाडाच्या बुडाशी सेन्सर बसला आणि पाणी किती, खत किती, छताच्या झडपा कधी उघडायच्या, हे सगळं संगणक ठरवायला लागला. दहा जणी शेजारच्या शेडमध्ये माल बांधायला गेल्या. मी आत राहिले, कारण संगणक कितीही शहाणा झाला तरी खाली सही करायला माणूस लागतो.

रांगांमधून रुळांवर एक यंत्रगाडी फिरते. पुढे उंच दांडा, दांड्यावर कॅमेरा, बाजूला एक बारीक हात आणि त्यात छोटी कात्री. प्रत्येक झाडापाशी थांबायचं, दांडा वर-खाली करून त्याला न्याहाळायचं, काही खुपलं तर पान कापून घ्यायचं आणि वर कळवायचं. बांधणीतल्या बायकांनी तिचं नाव आत्याबाई ठेवलं होतं. कुणाच्याही घरात शिरून खोड काढल्याशिवाय परत जायची नाही.

मी सात वाजता येते. पहिलं दार, मग मधली अरुंद खोली. तिथे चपला बदलायच्या, फोन कप्प्यात ठेवायचा, हात धुवायचे. पहिलं दार पुरतं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आत गेलं की टेबलावरच्या पडद्यावर रात्रीचा अहवाल आलेला असतो, तो वाचायचा आणि सही करायची. चार वर्षं त्या अहवालाची पहिली ओळ एकच होती. एकूण झाडं सहा हजार.

त्या सोमवारी तिथे सहा हजार चार होतं.

२

मी खाली वाचत गेले. तीस रांगा नेहमीसारख्या होत्या. त्यांच्याखाली आणखी एक होती. रांग एकतीस, झाडं चार. पाणी, ओलावा, वाढ, सगळ्यांचे आकडे व्यवस्थित भरलेले. फक्त पानांचं तापमान भलतंच होतं. बाकी सगळ्या काचघरात ते चोवीस होतं. या चार झाडांचं छत्तीस पूर्णांक आठ.

तिसाव्या रांगेपलीकडे भिंत आहे. पांढरा रंग दिलेली, कोरी. मी तरी जाऊन पाहून आले.

दुरुस्तीवाल्याला फोन लावला. हा गडी लांबच्या कार्यालयात बसतो आणि निम्मी दुखणी तिथूनच बरी करतो. त्याचं म्हणणं, नवी आवृत्ती चढवलीय, एखादी जुनी चाचणीची रांग वर आली असेल, लक्ष देऊ नका. मी विचारलं, पण समजा तिथे खरंच काही असलं तर? तो हसला. म्हणाला, "मॅडम, आत्याबाईला मिशा असत्या तर!" मग आमच्या गाडीचं नावच आत्याबाई आहे हे आठवून आणखी हसला. मीही हसले.

अकराच्या सुमाराला मी पंचविसाव्या रांगेत दोऱ्या सैल करत होते. आत्याबाई तिसावी रांग संपवून टोकाला गेली. रोज ती तिथून वळते. त्या दिवशी वळली नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि दांडा वर जाऊ लागला. वर, खाली. मग वीतभर सरकली. पुन्हा वर, खाली. अशी चार वेळा. समोर नुसता चुना.

तिसऱ्या थांब्यावर ती बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ थांबली. एवढ्या लांबूनही मला कॅमेऱ्याची ती बारीक घरघर ऐकू येत होती. जवळून बघायचं असलं की ती तशी घरघर करते.

३

घरी आम्ही चौघं. नवरा शिंपी आहे, पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचं मशीन. सासरे, म्हणजे अण्णा, यांनी उभं आयुष्य रोपवाटिकांमध्ये कलमं बांधली. आता गॅलरीत बसून लोकांच्या कुंड्यांना नावं ठेवतात. आणि मुलगी, बारा वर्षांची. सतत काहीतरी कुरतडत असते म्हणून तिला सगळे खारू म्हणतात.

गेले चार महिने खारू काही कुरतडत नव्हती. भूक गेली होती. जिना चढताना दर मजल्यावर थांबायची. दोन डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, सगळं बरं आहे म्हणाले. अशक्तपणा आहे, वाढीचं वय आहे, वाट बघा. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि तोंडानं मात्र मी सगळ्यांना सांगत होते, काही नाही, वाढीचं वय आहे.

त्या गुरुवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि पाठमोरी उभी राहिली. म्हणाली, "आई, तू माझे केस कापलेस?"

मानेच्या वर, डाव्या बाजूला, दोन बोटांएवढी बट गेली होती. तिरका, स्वच्छ काप. नवऱ्याला विचारलं, कारण घरात कात्र्या त्याच्या. तो म्हणाला, मी बायकांचे ब्लाउज बिघडवतो, केस नाही. अण्णांनी चष्मा लावून नीट पाहिलं. हा हात सरावाचा आहे, म्हणाले, कलमाला काडी काढताना असाच तिरपा काप घेतात. शाळेत कुणीतरी मस्करी केली असणार, असं ठरवून आम्ही विषय संपवला.

त्या सकाळी साडेअकराला आत्याबाईनं भिंतीसमोर, तिसऱ्या थांब्यावर, कात्री उघडून मिटली होती. अहवालात नोंद होती. रांग एकतीस, झाड तीन, पानाचा नमुना घेतला.

४

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. सहा हजार झाडांचे आकडे रोज वाचते, त्यामुळे योगायोग किती स्वस्त असतो ते मला ठाऊक आहे. म्हणून मी ठरवलं, खात्रीच करायची.

प्रत्येक झाड पाणी किती आणि कधी घेतं त्याचा आलेख संगणक ठेवतो. रविवारी मी घरात सगळ्यांच्या पाण्यावर पाळत ठेवली. नवऱ्याला नऊ वाजता मोठा तांब्याभर प्यायला लावलं. अण्णांना दहाला. खारूला अकराला, अर्धा पेला, तोही मिनतवाऱ्या करून. मी स्वतः बारापर्यंत घोटही घेतला नाही आणि मग दोन पेले लागोपाठ प्यायले. नवरा म्हणाला, आज काय घरात ठिबक बसवलंयस का.

सोमवारी आलेख उघडताना मी मनाशी म्हणत होते, काही जुळणार नाही, आणि मग आपण आपल्यालाच हसू.

झाड दोनची रेघ नऊला उंच उठली होती. झाड चारची दहाला. झाड तीनची अकराला, जेमतेम. झाड एक बारापर्यंत सपाट होतं. मग एकदम दोन टेकड्या.

मी तिथेच बसून राहिले. छताच्या झडपा आपोआप उघडल्या, पडदे सरकले, कुठेतरी पाण्याचा पंप सुरू झाला. सगळं नेहमीसारखं चाललं होतं आणि मला पहिल्यांदाच कळलं की या आवाजांपैकी एकही माझ्या हुकमानं होत नाही.

पुढच्या शनिवारी मी खारूला घेऊन नणंदेकडे गेले, चार तासांचा प्रवास. म्हटलं, घर सोडून पाहू. सोमवारी परत आल्यावर रेघा पाहिल्या. कुठेही तुटल्या नव्हत्या. रांग आमच्या घराची नव्हती. आमची होती.

५

दर शुक्रवारी काढणीची यादी येते. काढणी म्हणजे मिरच्यांची नव्हे, झाडांची. जे झाड कमजोर पडलं, जे नुसतं पाणी खातं आणि शेजाऱ्याचा उजेड अडवतं, ते उपटायचं आणि तिथे नवं रोप लावायचं. यादीतल्या प्रत्येक झाडापुढे दोन बटणं असतात, 'काढा' आणि 'ठेवा'. दुपारी बारापर्यंत उत्तर दिलं नाही तर यादी मंजूर समजली जाते. आजवर हजारो झाडांपुढे मी 'काढा' दाबलंय आणि एकदाही मागे वळून पाहिलेलं नाही.

त्या शुक्रवारच्या यादीत शेवटची ओळ होती: रांग एकतीस, झाड तीन. कमजोर. काढावे.

मी 'ठेवा' दाबलं. पडद्यावर आलं, कारण द्या. मी लिहिलं, सुधारेल.

त्या दिवसापासून मी बांधली गेले. शुक्रवारी बाराच्या आत मी त्या पडद्यासमोर नसले तर काय होईल, याचा विचारही मला करवत नव्हता. ताप आला तरी गेले. आजारी दिसले तर मालक माझ्या जागी दुसरीला आणतील या धास्तीनं शिंक आली तरी दाबायची. एका संध्याकाळी न राहवून नवऱ्याला सगळं सांगितलं, पहिल्या ओळीपासून. तो मशीन थांबवून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"अगं, पोरीच्या काळजीनं तुझी झोप उडालीय," तो म्हणाला. "आठ दिवस रजा टाक."

मी म्हटलं, टाकते. त्यानं पुन्हा मशीन सुरू केलं. तेवढा एक दरवाजा होता, तोही आपण होऊन लागला.

दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा तीच ओळ. मी 'ठेवा' दाबलं. तिसऱ्या शुक्रवारी पुन्हा. आणि तिसऱ्यांदा दाबताना मला तो नियम आठवला. तो मला पाठ होता, नव्या मुलींना मीच शिकवायचे. कमजोर झाड तीनदाच राखता येतं, चौथ्यांदा नाही.

६

मी दुरुस्तीवाल्याला सांगितलं, फोनवर नको, तुम्ही इथे या आणि ती रांग माझ्यासमोर खोडून टाका. तो बुधवारी आला, कुरकुरत. दहा मिनिटांत काम झालं. रांग एकतीस गेली. एकूण झाडं सहा हजार. आत्याबाई टोकाला गेली आणि मुकाट्यानं वळली. मी त्याच्या हातात ताज्या मिरच्यांची पिशवी दिली. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तासाभरानं घसा कोरडा पडला. उकाडा असेल म्हणून पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. पाणी तोंडातून जात होतं, पण जिथे पोचायला हवं तिथे पोचत नव्हतं. ओठांना चिरा पडल्या. फोन घ्यायला मधल्या खोलीत आले तर नवऱ्याचे पाच फोन येऊन गेलेले. त्याचा आवाज खरखरीत झाला होता. सांगत होता की अण्णांची जीभ टाळूला चिकटलीय, बोलता येत नाहीये, दोन माठ संपले. शाळेतून निरोप आलाय, खारू नळाला तोंड लावून बसलीय आणि उठायला तयार नाही.

मी तशीच बाहेर धावले. दुरुस्तीवाला आपल्या गाडीत बसून डबा खात होता. मी त्याला रांग परत लावायला सांगितलं. त्यानं डबा बाजूला ठेवला. मग म्हणाला, मॅडम, तुम्हाला बरं नाही का? मी म्हटलं, आधी रांग लावा.

त्यानं लावली. कुठेतरी पंप सुरू झाला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, अक्षरशः. दहा मिनिटांत नवऱ्याचा फोन, सगळे ठीक आहेत, ऊन बाधलं असेल, तू काळजी करू नकोस.

रांग खोडली की पाणी तुटतं. एवढं साधं माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. माळीकाम करणारी बाई मी.

७

चौथा शुक्रवार. सकाळी निघताना माझ्या डब्याचं झाकण सैल बसतं म्हणून अण्णांनी त्याला सायकलच्या ट्यूबची रबरपट्टी लावून दिली होती. खारू अंथरुणातून उठली नव्हती.

यादी उघडली. रांग एकतीस, झाड तीन. कमजोर. 'ठेवा' हे बटण राखाडी होतं, दाबलं तरी दबत नव्हतं. त्याच्या जागी दुसरं आलं होतं, 'याऐवजी'. तेही नेहमीचंच. जागा करायची असेल आणि माळ्याला वाटलं की या झाडापेक्षा शेजारचं काढलेलं बरं, तर तसं सांगता येतं.

मी ते दाबलं. पडद्यानं विचारलं, कोणतं? एक, दोन की चार.

साडेअकरा वाजले होते. लपवणार नाही, माझं बोट आधी चारकडे गेलं. मन म्हणालं, अण्णांचं सगळं बघून झालंय, विचारलं असतं तर त्यांनी स्वतःच हो म्हटलं असतं. बोट चारवर होतं आणि डोळ्यांसमोर ती रबरपट्टी. बोट मागे घेतलं. मग दोनवर. खिडकीशी मशीनवर वाकलेली नवऱ्याची पाठ. तेही जमेना.

मी एक दाबलं.

काही झालं नाही. छत कोसळलं नाही, मला चक्कर आली नाही. पडद्यावर आलं, बदली रोप तयार आहे. रोपघर, फळी सहा. तपासून सही करा. हेही नेहमीचंच. बदली रोप पाहिल्याशिवाय सही होत नाही.

रोपघर मागच्या टोकाला आहे. खिडकी नसलेली खोली, आत जांभळट उजेड, भिंतीला फळ्या, वरून धुक्यासारखे तुषार. दाराला वहीएवढी एक काच. मी आत गेले. फळी सहा रिकामी होती. मागे दार लागलं आणि तुषार सुरू झाले. तुषार चालू असताना ते दार उघडत नाही, दमटपणा जाऊ नये म्हणून. पाच मिनिटांची गोष्ट.

पाच मिनिटं गेली असतील, वीस गेली असतील. कपडे अंगाला चिकटले. काच वाफेनं पांढरी झाली. मी दार वाजवलं, मग लाथा घातल्या. इथे आत मी एकटीच असते हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं! ओरडून घसा बसला तेव्हा मी फळी सहाला टेकून खाली बसले. उबदार होतं. पाणी सारखं झिरपत होतं, केसांतून, मानेवरून, पाठीतून. आणि माझ्या शेजारी, अगदी जवळ, कुणीतरी श्वास घेत होतं. मी डोळे मिटून घेतले. पाहायचं नव्हतं.

मग दार उघडलं आणि मी बाहेर आले.

८

तीन वाजून गेले होते. काचघरात लख्ख ऊन. मी हात धुतले, फोन घेतला आणि घरी गेले. वाटेत लक्षात आलं की माझा उजवा गुडघा दुखत नाहीये. पाच वर्षांत पहिल्यांदा.

खारू जेवत होती. ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं. नवरा मला खूण करून सांगत होता, बोलू नकोस, नजर लागेल. अण्णा हसत होते. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि रडले, आणि कुणी काही विचारलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं की कारण त्यांना माहीत आहे.

शनिवारी ती जिना न थांबता चढली. रविवारी पेन्सिल कुरतडली.

एवढंच होतं की ती माझ्याजवळ येत नव्हती. मी शेजारी बसले की ती उठून बाबांकडे जायची. पांघरूण घालायला गेले तर कुशी वळवायची. मी विचारलं, काय झालं गं? तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, एखाद्या अनोळखी पाहुणीकडे पाहावं तसं.

"तुझा वास वेगळा येतो," ती म्हणाली.

काचघरातल्या औषधाचा असेल, मी म्हटलं, आणि दोनदा अंघोळ केली. मला सगळं आठवत होतं. तिचा जन्म, तिचे दात, तिला पहिल्यांदा ताप आला ती संध्याकाळ. एकही गोष्ट कमी नव्हती. मी स्वतःला हेच सांगत होते.

९

सोमवारी अहवाल पाहिला. रांग एकतीस, झाडं चार, सगळी निरोगी. त्याच्याखाली रोपघराची ओळ होती. फळी सहा, एक झाड. पानाचं तापमान छत्तीस पूर्णांक आठ. आणि पुढे एक शब्द, मातृवृक्ष.

हा शब्द रोपवाटिकेतला आहे. ज्या झाडाची काडी घेऊन कलम केलं, ते मूळ झाड. ते विकत नाहीत, लावत नाहीत. आत राखून ठेवतात.

मी रोपघराकडे गेले तेव्हा आतून कुणीतरी दार वाजवत होतं. जोरात नाही. बराच वेळ वाजवून दमलेलं माणूस वाजवतं तसं. काच पांढरी होती. मग आतल्या बाजूनं तळहात काचेवर टेकला, हळूच फिरला आणि चार बोटांएवढी जागा स्वच्छ झाली. तेवढ्यातून जे दिसलं ते मी पुरतं पाहिलं नाही. पण हात पाहिला होता. स्वतःचा हात माणसाला ओळखू येतो.

कडीवरचा दिवा हिरवा होता. दार बाहेरून उघडत होतं. या सगळ्या आठवड्यांत माझ्या हातानं उघडेल असं पहिलं दार.

आतून आवाज आला, बसलेल्या घशाचा. "खारू कशी आहे?"

माझा हात कडीवर होता. मी म्हटलं, "बरी आहे. जिना न थांबता चढते."

"जेवते?"

"मागून घेते."

मग काचेवरचा हात खाली गेला.

"मग दार नको उघडूस," ती म्हणाली.

मी उघडलं नाही. तिनं सांगितलं म्हणून, असं मी स्वतःला म्हणते. तुषारांची वेळ थोडी कमी केली, उजेड मंद केला. काही खायला आत सरकवायचं तर दार उघडावं लागतं, म्हणून तेही केलं नाही. संगणक म्हणतो तिला काही कमी नाही.

आता रोज सकाळी कामाला लागण्याआधी मी काचेपाशी उभी राहते आणि घरचं सांगते. ती ऐकते. एक दिवस मी तिला सांगितलं की खारू माझ्याजवळ येत नाही. मग तिनं मला शिकवलं. खारूच्या केसांतून हात फिरवताना पुढून मागे नको, मानेकडून वर न्यायचा. आणि गाणं-बिणं म्हणायचं नाही, नुसता श्वास सावकाश घ्यायचा. तिला आवडतो तो आवाज. हे मला ठाऊक नव्हतं. सगळं आठवतं म्हणून मी बसले होते, आणि हे ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तसंच केलं. खारू आधी ताठ होती. मग तिचं डोकं जड झालं आणि माझ्या मांडीवर टेकलं. झोपेत तिनं माझ्या बोटाला घट्ट धरलं आणि आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काचेपाशी सगळं सांगितलं. जेवण, शाळा, अण्णांचा खोकला. तिनं विचारलं, "आली का जवळ?"

मी म्हटलं, अजून नाही.